पाळी जायच्या वयात अंगावरून जास्त जातंय? रक्ताचा जमाखर्च सांभाळा



आज भाताच्या करप्याबद्दल किंवा खताच्या मात्रेबद्दल बोलणार नाही. आज बोलायचं आहे ते घरातल्या चाळिशी ओलांडलेल्या बाईच्या तब्येतीबद्दल. विषय बायकांचा आहे म्हणून बंधूंनी उठून जाऊ नये. लावणीला कंबर मोडेपर्यंत वाकते ती तीच, आणि कापणीला विळा घेऊन पुढे असते तीही तीच. तिच्या अंगातलं रक्त आटलं तर सगळं घर अडतं. शिवाय दवाखान्यात जायचं की नाही, गाडीभाडं काढायचं की नाही, हे आपल्याकडे अजून बऱ्याच घरांत पुरुषच ठरवतात. तेव्हा दोघांनी बसून ऐकावं, हे बरं.

आपल्या उरण तालुक्यात चिरनेर, कोप्रोलीकडे अजून भाताची लावणी होते. करंजा, मोरा बाजूच्या बाया मासळीची पाटी घेऊन बाजाराला जातात. काही जणी घरचं शेत करून कामावरही जातात. अशा कष्टाच्या बाईला पंचेचाळिशीच्या सुमारास पाळी आठ-आठ, दहा-दहा दिवस येऊ लागते. अंगावरून खूप जातं. मग घरातलं मोठं माणूस म्हणतं, “अगं, जायची वेळ आली आता, चालायचंच.” आणि ती ते दुखणं वर्ष-दोन वर्षं अंगावर काढते.

सांगायचा मुद्दा एवढाच आहे. पाळी जायच्या वयात ती मागेपुढे होणं हे वयाचं लक्षण आहे. पण अंगावरून फार जाणं हे दुखणं आहे आणि त्याला औषध आहे. औषधही दोन बाजूंनी करावं लागतं. जाणारं रक्त थांबवायचं, आणि गेलेलं लोह भरून काढायचं. यातलं एकच केलं तर काम अर्धं राहतं. बांधाला भगदाड पडलेलं असताना खाचरात वरून कितीही पाणी घेतलं तरी ते ठरत नाही, तसंच हे.

असं का होतं?

आपल्याकडे पाळी कायमची थांबण्याचं वय साधारण ४६-४७ च्या आसपास असतं. सलग बारा महिने पाळी आली नाही म्हणजे ती गेली असं धरतात. त्याआधीची तीन-चार वर्षं, कुणाकुणाची त्याहून जास्त, ही गडबडीची असतात. या काळात दर महिन्याला स्त्रीबीज बाहेर पडत नाही. बीज बाहेर पडलं नाही की गर्भाशयाच्या आतल्या अस्तराची वाढ आवरणारा रस तयार होत नाही. अस्तर जाड होत राहतं. पाळी दोन महिने लांबते, आणि मग ते जाड अस्तर एकदम पडतं. रक्त खूप जातं, गुठळ्या पडतात.

पण सगळा दोष वयाला देऊ नका. गर्भाशयात गाठी असतात, आत मस्सा असतो, गर्भाशयाची भिंत सुजलेली असते, थायरॉइडचा बिघाड असतो, तांबी बसवलेली असते, रक्त पातळ होण्याच्या गोळ्या चालू असतात. क्वचित कर्करोगही असतो. शिवाय या वयात दिवसही जाऊ शकतात, हे विसरू नये. बाहेरून बघून यातलं काय आहे ते कुणालाच सांगता येत नाही. म्हणून तपासणी हवी.

लोहाचा जमाखर्च

आता हिशेब मांडू. रक्त तांबडं होतं ते लोहामुळे, आणि श्वासातला प्राणवायू अंगभर पोचतो तोही त्याच्यामुळे. एक मिलिलिटर रक्तात साधारण अर्धा मिलिग्रॅम लोह असतं.

जमेची बाजू बघा. आपण काहीही खाल्लं तरी त्यातलं थोडंच लोह आतड्यात शोषलं जातं, दिवसाला एक ते दीड मिलिग्रॅम. दीड धरलं तर महिन्याला झाले ४५. खर्चाची बाजू बघा. आतड्यातून, कातडीतून, घामातून रोज थोडं जातंच, महिन्याला साधारण २५. हातात राहिले २०. नेहमीच्या पाळीत ३० ते ४० मिलिलिटर रक्त जातं, म्हणजे १५ ते २० मिलिग्रॅम लोह गेलं. हिशेब कसाबसा जुळला.

आता एखाद्या बाईच्या अंगावरून पाळीत १२० मिलिलिटर गेलं असं धरा. चहाचा एक कप भरेल एवढं. तिचे ६० मिलिग्रॅम गेले. हातात २०, खर्च ६०. दर महिन्याला ४० ची तूट. ही तूट शरीर साठ्यातून भरतं. चांगल्या तब्येतीच्या बाईच्या अंगात ३०० मिलिग्रॅमच्या आसपास साठा असतो. सात-आठ महिन्यांत कणगी झाडून रिकामी! पुष्कळ जणींची कणगी बाळंतपणांनी आधीच अर्धी झालेली असते, त्यांना तेवढाही वेळ लागत नाही.

ही गोष्ट एखाद-दुसरीची नाही. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या दर शंभर बायकांपैकी ५४ जणींच्या अंगात रक्त कमी आढळलं.

जास्त जातंय हे कसं ओळखायचं?

मिलिलिटर कुणी मोजत बसत नाही. पुढच्या खुणा बघाव्यात. यातली एकही असली तरी दाखवून यावं.

१. पाळी सात दिवसांपेक्षा जास्त चालते.
२. घडी किंवा पॅड एक-दोन तासांत भिजतं, किंवा एकावर एक दोन घ्यावी लागतात.
३. रात्री बदलायला उठावं लागतं, अंथरुणाला डाग लागतात.
४. रुपयाच्या नाण्याएवढ्या किंवा त्याहून मोठ्या गुठळ्या पडतात.
५. त्या दिवसांत कामाला, बाजाराला, लग्नकार्याला जाता येत नाही.
६. दोन पाळ्यांच्या मध्ये, किंवा संबंधानंतर रक्त दिसतं.

आणि लोह कमी झाल्याच्या खुणा या. चार पायऱ्या चढलं, भाताची पेंढी उचलली की धाप लागते. छाती धडधडते. डोकं दुखतं, चक्कर येते, केस गळतात. रात्री पायांत वळवळ होते, झोप लागत नाही. डोळ्याच्या खालच्या पापणीची आतली बाजू फिकी दिसते. नखं पातळ होऊन वाटीसारखी खोलगट होतात. आणखी एक खूण आहे, ती बायका लाजून सांगत नाहीत. कच्चे तांदूळ, माती, खडू किंवा बर्फ खावासा वाटतो. सुपातले तांदूळ निवडता निवडता मूठभर तोंडात जात असतील, तर त्या बाईला हसू नका. तिच्या अंगातलं लोह कमी झालं असण्याचा तो इशारा आहे.

तपासणी कोणती?

पहिली तपासणी हिमोग्लोबिनची. बोटाच्या थेंबभर रक्तावर होते. बाईचं हिमोग्लोबिन १२ किंवा वर असावं. ११ ते १२ च्या मध्ये असलं तर थोडं कमी, ८ ते ११ च्या मध्ये असलं तर बरंच कमी, आणि ८ च्या खाली म्हणजे धोक्याचं.

दुसरी तपासणी फेरिटिनची. यात साठा कळतो. कधी कधी हिमोग्लोबिन बारा भरतं, पण कणगी रिकामी असते आणि बाई थकलेली असते. फेरिटिन १५ च्या खाली असलं तर साठा संपला असं समजतात, आणि ३० च्या खाली असलं तरी बरेच डॉक्टर उपचार सुरू करतात. याशिवाय थायरॉइडची तपासणी, पोटाची सोनोग्राफी, आणि गर्भाशयाच्या तोंडाची तपासणी डॉक्टर सांगतील. पंचेचाळिशीच्या पुढे गर्भाशयाच्या अस्तराचा छोटा तुकडा तपासायला घेतात. त्याला घाबरू नये. कर्करोग नाही ना, याची खात्री त्यातूनच होते.

उरणला ग्रामीण रुग्णालय आहे, गावच्या बाजूला आरोग्य केंद्र, उपकेंद्र आहे. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाने आपल्या दवाखान्यांतली तपासणी आणि उपचार १५ ऑगस्ट २०२३ पासून मोफत केले. पुढच्या तपासणीसाठी अलिबागला जिल्हा रुग्णालय आहे. जानेवारी २०२४ पासून उरणपर्यंत लोकल आली, त्यामुळे नवी मुंबईला जाणंही सोपं झालं. घारापुरीच्या भगिनींना होडीने यावं लागतं. त्यांनी पाळीचे दिवस सोडून, भरती-ओहोटी आणि हवा बघून आधीच दिवस ठरवावा. जाताना मागच्या तीन-चार पाळ्यांच्या तारखा, किती दिवस गेलं आणि दिवसाला किती घड्या लागल्या, हे कॅलेंडरवर लिहून न्यावं. डॉक्टरांचं अर्धं काम तिथेच होतं.

रक्त थांबवायचे उपाय

औषधं पुष्कळ आहेत. पाळीच्या जास्त जाणाऱ्या दिवसांपुरती घ्यायची ट्रॅनेक्झॅमिक ॲसिडची गोळी आहे, तिने रक्त बरंच कमी होतं. पण पायाच्या शिरेत किंवा फुप्फुसात पूर्वी गुठळी झालेल्या बाईने ती घेऊ नये. मेफेनॅमिक ॲसिडने दुखणंही कमी होतं आणि रक्तही थोडं कमी जातं. पित्ताचा, पोटात जखमेचा त्रास असेल तर आधी सांगावं. हार्मोनच्या गोळ्या आहेत. लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेने शोधलेली, आठवड्याच्या हिशेबाने घ्यायची गोळी सरकारी दवाखान्यात ‘छाया’ नावाने मिळते. ती मुळात पाळणा लांबवण्यासाठी आहे, पण जास्त रक्तस्रावावरही डॉक्टर ती देतात. आणि हार्मोन असलेली तांबी आहे. साध्या तांबीने रक्त वाढू शकतं, या तांबीने ते खूप कमी होतं, आणि एकदा बसवली की काही वर्षं बघावं लागत नाही.

यातलं कुठलं कुणाला, हे डॉक्टरनेच ठरवायचं. शेजारणीला लागू पडलेली गोळी मेडिकलमधून आणून घेऊ नये. एकीला गाठ असते, दुसरीला थायरॉइड, आणि तिसरीला रक्तदाब.

लोह भरायचे उपाय

सरकारी लाल गोळीत ६० मिलिग्रॅम लोह आणि फॉलिक ॲसिड असतं. आशाताई २० ते ४९ वयाच्या बायकांना ती आठवड्याला एक देतात, ती रक्त कमी होऊ नये म्हणून. रक्त कमी झालेलं असलं की मात्रा वेगळी लागते. ती रोज घ्यायची की दिवसाआड, हे डॉक्टरांना विचारावं. दिवसाआड घेतलेली गोळीही चांगली शोषली जाते आणि पोटाला कमी त्रास देते, असं अलीकडच्या संशोधनात दिसलं आहे. तेव्हा त्रास झाला म्हणून गोळी टाकून देऊ नका, पद्धत बदलून मागा.

गोळी उपाशीपोटी, लिंबूपाण्याबरोबर घ्यावी. मळमळलं तर रात्री जेवणानंतर घ्यावी. गोळीच्या आधी एक तास आणि नंतर दोन तास चहा, कॉफी, दूध, चुन्याची म्हणजे कॅल्शियमची गोळी घेऊ नये. शौचाला काळं होतं, त्यात भिण्यासारखं काही नाही. बद्धकोष्ठ झालं तर पाणी आणि भाजी वाढवावी. महिन्याने पुन्हा तपासावं. साधारण एक अंक तरी वर चढायला हवा. चढला नाही, तर रक्त अजून जातंय, किंवा कारण वेगळं आहे. बी-१२ ची कमतरता, सिकलसेल किंवा थॅलेसेमियाचा अंश असला तर नुसत्या लोहाने काम होत नाही. हिमोग्लोबिन बारावर आलं तरी गोळी लगेच थांबवू नये. पुढे तीन महिने घ्यावी, तेव्हा कणगी भरते. आणि ही गोळी लहान मुलांच्या हाताला लागू देऊ नये. गोड समजून चार-सहा खाल्ल्या तर मुलाच्या जिवावर बेततं.

पोटाला गोळी सोसतच नसेल, रक्त फार कमी असेल, किंवा ऑपरेशन जवळ आलं असेल, तर शिरेतून लोहाचं इंजेक्शन देतात. ते दवाखान्यातच घ्यावं. अगदीच कमी झालं, तर रक्त चढवावं लागतं.

ताटात काय असावं?

आपलं मुख्य अन्न भात आणि तांदळाची भाकरी. पांढऱ्या तांदळात लोह कमीच. ते कालवणातून आणि भाजीतून यायला हवं. आपल्याकडे समुद्र आहे. तिसऱ्या, कालवं यांत लोह चांगलं असतं. कलेजीतही असतं. मांस-मासळीतलं लोह पालेभाजीतल्यापेक्षा अंगी जास्त लागतं, आणि सोबत खाल्लेल्या भाजी-कडधान्यातलंही लोह वाढवून घेतं. म्हणून वालाच्या बिरड्याबरोबर मूठभर जवळा असला तरी फायदा आहे. जी बाई मासळी खात नाही, तिने मोड आणलेले वाल, चवळी, मटकी, तसंच माठ, शेवग्याचा पाला, तीळ, अळीव खावेत. वर लिंबू पिळावं, सोबत कैरी, आवळा किंवा पेरू असावा. आंबटात असलेल्या क जीवनसत्त्वाने लोह शोषलं जातं. भाजी लोखंडी कढईत करावी. ती काळपट दिसली तरी खायला चांगली.

जेवल्या जेवल्या चहा पिऊ नये, तासाभराने प्यावा. चहाने जेवणातलं बरंचसं लोह अडतं. आणि बीट तांबडं असतं म्हणून रक्त वाढतं, असं नाही. बीट खावं, पण त्याच्यावर विसंबून राहू नये.

अनवाणी चिखलात काम करणाऱ्यांच्या पायातून आकडेकृमी शिरतात आणि आतड्यात रक्त पितात. म्हणून शौचालयाचा वापर, पायात चप्पल किंवा गमबूट, आणि दवाखान्यात विचारून जंताची गोळी, हेही रक्त वाचवण्याचंच काम आहे.

पिशवी काढायची घाई नको

मराठवाड्यातली एक गोष्ट सांगायला हवी. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोडणी कामगार बायकांची पिशवी, म्हणजे गर्भाशय, मोठ्या संख्येने काढल्याचं २०१९ मध्ये उजेडात आलं. राज्य सरकारने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. ८२,३०९ ऊसतोड बायकांची पाहणी झाली. त्यातल्या १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं आढळलं. पाळीत काम चुकलं की खाडा पडतो, पैसे कापले जातात. अंगावरून जातं, कंबर दुखते, आणि कुणीतरी सांगतं की कॅन्सर होईल, काढून टाका. त्यात तिशी-पस्तिशीच्या बायकाही होत्या.

गाठी फार मोठ्या असल्या, कर्करोग निघाला, किंवा औषधांनी काहीच गुण आला नाही, तर ऑपरेशन करावंच लागतं आणि ते जीव वाचवतं. पण पहिल्याच भेटीत कुणी “काढून टाका” म्हटलं, तर तीन प्रश्न विचारा. तपासणीत नेमकं काय निघालं? औषधाने किंवा हार्मोनच्या तांबीने होणार नाही का? अंडाशय ठेवणार की काढणार? अंडाशय लवकर काढले तर हाडं ठिसूळ होतात, हृदयालाही त्रास होतो. उत्तर पटलं नाही, तर सरकारी रुग्णालयात दुसऱ्या डॉक्टरचं मत घ्या.

वेळ न दवडता जा

तासाला एक पॅड असं दोन-तीन तास भिजत राहिलं, चक्कर येऊन पडली, बसल्या जागी धाप लागली, छातीत दुखलं, तर १०८ ला फोन करा. आणि पाळी जाऊन वर्ष झाल्यावर एक थेंब जरी रक्त दिसलं, तरी त्याच आठवड्यात दाखवा. “पुन्हा पाळी आली” असं म्हणून गप्प बसू नका. कर्करोग असेल तर तो लवकर सापडण्याची ती वेळ असते.

लाज बाजूला ठेवा

डॉक्टर राणी बंग आणि अभय बंग यांनी गडचिरोली जिल्ह्यातल्या दोन गावांत ६५० बायकांची तपासणी केली. ती पाहणी १९८९ मध्ये प्रसिद्ध झाली. शंभरातल्या ९२ बायकांना काही ना काही स्त्रीरोग निघाला. त्याआधी तपासणी आणि उपचार झालेल्या होत्या शंभरात फक्त आठ. म्हणजे दुखणं घरोघर होतं, पण ते बोललं जात नव्हतं. आज रस्ते झाले, लोकल आली, तरी ‘हे कुणाला सांगायचं’ हा संकोच अजून आहे. तो घरातूनच जायला हवा. सासूने सुनेला विचारावं, सुनेने सासूला विचारावं. नवऱ्याने घड्या किंवा पॅड आणून द्यावेत, दवाखान्यात सोबत जावं. त्यात कमीपणा काही नाही.

शेवटी शेतीच्या भाषेतच सांगते. अंगात लोह भरायला तीन-चार महिने लागतात. शिमग्याच्या सुमारास घरातल्या चाळिशी ओलांडलेल्या प्रत्येक बाईचं हिमोग्लोबिन तपासून घेतलं, तर आषाढात लावणीला ती ताकदीने उभी राहील. ज्यांना आजच त्रास आहे, त्यांनी मात्र शिमग्याची वाट बघू नये. हा कागद घडी करून पिशवीत ठेवा आणि उद्याच आशाताईंना गाठा.